काचेच्या गिरणीच्या चार रेकॉर्डी

बुधवार, २ नोव्हेंबर. सकाळी.

आर्जिया, हे तूच सांगतेयस, पुढे कधीतरी तूच ऐकशील आणि विचारशील, हे कुणी लिहिलं. समोरच्या इरिदेने. इरिदे कोण? पोस्टातली, रिटायर झालेली. साठ वर्षं तिच्या दारासमोर राहतेस. आणि चष्मा शोधत बसू नकोस. तुला वाचता येत नाही, तेही विसरली असशील.

इरिदेला नियम सांगितला. मी बोलीन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. वाचून दाखवायचं ते फक्त मलाच.

कारण असं. काल लिव्हियो आला होता. लिव्हियो माझा मुलगा, साठीचा. फाएंझाला टाइल्सच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचा. डावा कान दहा वर्षांपूर्वीच गेला. आता उजव्या कानामागे गाठ निघालीय. २९ तारखेला, मंगळवारी, बोलोन्याला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, गाठ नक्की निघेल, कान राहील असं सांगता येत नाही.

तर तो म्हणाला, आई, २७ला रविवारी जेवायला येतो. आमची एक रेकॉर्ड ऐकू. पाऊण तासावर आवाज सोसत नाही, डोकं गरगरतं, म्हणून एकच. कुठली, ते तू ठरव.

आमची म्हणजे त्याच्या बँडची. तरुणपणी चौघं मिळून वाजवायचे, लिव्हियो ऑर्गनवर. नाव काय ठेवलं, तर 'काचेची गिरणी'. गिरणी काचेची असती तर पहिल्याच पोत्याला फुटली असती, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. चार रेकॉर्डी काढल्या आणि खरंच फुटली. पण आता म्हणे जर्मनीत आणि जपानात लोक त्या शोधत फिरतात. लिव्हियोने स्वतःकडे एकही ठेवली नाही. सगळ्या माझ्याकडे, कपाटात, जपून.

मी म्हटलं, काळजी सोड. मला चारही पाठ आहेत.

तो म्हणाला, खरंच, आई?

म्हटलं, आईला विचारतोस?

इथे इरिदे लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, लिही. मी नेहमीच त्याच्या संगीताच्या बाजूने होते. विरोध होता तो प्रीमोचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तो आज थडग्यात आहे, सकाळीच फुलं वाहून आले. तो काही उलट बोलला नाही.


गुरुवार, ३ नोव्हेंबर.

प्लॅन. रेकॉर्डी चार. रोज एक. सोमवारी निवड पक्की. पुढचे वीस दिवस मोकळे, त्यात स्वयंपाकघराला चुना लावून घेईन.


शनिवार, ५ नोव्हेंबर.

काल सुरुवात करता आली नाही, वारा होता.

आज कपाट उघडलं. मला नाव वाचता येत नाही, मी चित्रावरून ओळखते. पहिल्या रेकॉर्डीवर मासा, त्याच्या पोटात घड्याळ. दुसरीवर बिशप, डोक्यातून झाड उगवलेला. तिसरी नुसती पांढरी. चौथी पुस्तकासारखी उघडणारी, आत जिनाच जिना, वर कुठे पोचतच नाही.

कव्हरांवर पीठ आहे. इरिदे म्हणाली, हे काय? मी सांगितलं. नाताळला कापेल्लेत्ती करते, सारण भरलेल्या कणकेच्या टोप्या, त्या दुमडून कशावर तरी मांडाव्या लागतात. या पुठ्ठ्यावर बरोब्बर सहा डझन मावतात. तीस वर्षांत एक टोपी चिकटली नाही. इरिदे म्हणाली, याला जपणं म्हणतात का, आर्जिया? म्हटलं, वर्षातून एकदा तरी हात लागतो. तुझ्या मोत्यांच्या माळेला लागतो का?

सारणाच्या तेलाने मासा जरा सुजल्यासारखा दिसतो. बाकी ठीक.

पांढऱ्या कव्हरात रेकॉर्ड नाही. असेल कुठेतरी. माझ्या घरात वस्तू हरवत नाही.


रविवार, ६ नोव्हेंबर. दुपारी.

इरिदेने तिच्या भावाचा रेकॉर्ड प्लेअर आणला. मासा ऐकला. पूर्ण लक्ष देऊन.

एका बाजूला एकच गाणं. सुरुवातीला बराच वेळ नळ गळतो. मग कुणीतरी जिन्यावरून भांडी सोडतं, ते बँडमधल्या साउरोचे ड्रम. मग लिव्हियोचा ऑर्गन येतो, चर्चमधला वाटतो, पण पाद्री पळून गेलेला असावा. मग शांत. छान शांत.

इरिदे म्हणते, ती शांतता नव्हती, रेकॉर्ड संपून वीस मिनिटं झाली होती आणि तू घोरत होतीस. मी डोळे मिटून ऐकते. जाणकार तसंच ऐकतात.


मंगळवार, ८ नोव्हेंबर.

बिशप. चार मिनिटं ऐकला. त्यात एकजण बासरीत थुंकतो. गॅसवर सूप होतं, उठावं लागलं. इरिदे म्हणाली, सूप कालच संपलं. मग मी आजचं ठेवायला उठले.


शुक्रवार, ११ नोव्हेंबर.

आज सान मार्तिनोचा सण. चेस्टनट भाजायचे, नवी वाइन चाखायची. या दिवशी कुणी काम करत नाही.

तरीही प्रगती. जिन्याच्या कव्हरात दोन तबकड्या निघाल्या, सव्वा तासाचा ऐवज. लिव्हियोचा कान तेवढं सोसणार नाही. जिना बाद. बिशप सुपामुळे बाद. पांढरी सापडत नाही, म्हणून बाद. राहिला मासा. बघ इरिदे, न ऐकताही निवड होते, डोकं लागतं.

पाच वाजता. लिव्हियोचा फोन आला. ब्रुना, त्याची बायको, आधी बोलली, मग त्याने रिसीव्हर उजव्या कानाला दाबून धरला असावा, कारण मी बोलले की तो 'हं?' म्हणायचा. विचारलं, ठरलं का? म्हटलं, ठरतंय. म्हणाला, पांढरी परत ऐकलीस का? म्हटलं, ती तर मी रोज ऐकते.

पलीकडे रिसीव्हर घासल्याचा आवाज आला. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, म्हणजे तुला माहीत होतं, आई. एवढी वर्षं.

म्हटलं, न माहीत असायला काय झालं.

फोन ठेवला. काय माहीत होतं मला?


मंगळवार, १५ नोव्हेंबर.

साउरोच्या दुकानात गेले. बँडचा ड्रमवाला, आता न्हावी. कात्री चालवतानाही ठेका धरतो, म्हणून अर्ध्या गावाचे केस एका बाजूला कमी आहेत. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, त्याच्या गळ्यावर वस्तरा.

सहज विचारावं तसं विचारलं, साउरो, त्या पांढऱ्या रेकॉर्डीबद्दल तुला काय वाटतं रे?

तो म्हणाला, काकू, मला काय वाटणार? ती तुमची रेकॉर्ड.

मग सांगितलं. दुसऱ्या बाजूला मध्यावर सगळी वाद्यं थांबतात. लिव्हियोने ती रेकॉर्ड काढली त्या साली पिठाच्या डब्यामागे टेप लपवला होता. फळीवर फिरणारं तुमचं लाटणं त्यात आलंय, आणि तुमचा आवाज. तो तुकडा त्याने गाण्याच्या मधोमध बसवला. आम्ही तिघं नको म्हणत होतो, तो ऐकेना. म्हणाला, हे काढलंत तर मी पण निघतो. आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणाला. ज्या दिवशी आई ऐकेल त्या दिवशी तिला आपोआप कळेल.

अडतीस वर्षं झाली त्याला.

विचारणार होते की मी त्यात म्हणते काय. पण ओठांवर आलेलं गिळलं. रोज ऐकणारी बाई असं विचारेल का? म्हणून आडून विचारलं, माझा आवाज बरा आलाय ना? साउरो म्हणाला, ते तुम्हीच सांगा काकू, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. आणि हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

त्याच्याकडची पांढरी रेकॉर्ड एका जपानी माणसाला दिलीय. तो दुकानात येऊन रडला म्हणे. म्हणजे आता गावात एकच, माझ्याकडची.

निघताना मी म्हटलं, मी नेहमीच तुमच्या बाजूने होते. साउरो म्हणाला, काकू, ऑर्गन घराबाहेर कोंबड्यांच्या खुराड्यात तुम्हीच ठेवायला लावला होतात. मी म्हटलं, घरात ओल होती, म्हणून.


बुधवार, १६ नोव्हेंबर.

सगळं घर शोधलं. कपाट, पलंगाखाली, माळा, प्रीमोच्या बुटांचे खोके. नाही.

मी त्यात काय म्हणते, हे मला न ऐकताही माहीत आहे. खुराड्यातला ऑर्गन सुरू झाला की घरात फडताळातली ताटं नाचायची. मी म्हणत असणार, लिव्हियो, बंद कर ते, जेवण गार होतंय. दुसरं काय म्हणणार? प्रेमानेच म्हणत असणार.

कानात शेवटचं हेच राहायला हवंय का त्याला? असेल. आईचं आहे.

अकरा दिवस राहिले.


गुरुवार, १७ नोव्हेंबर.

सापडली.

मागच्या पडवीत व्हिनेगरचा रांजण आहे. त्याच्या तोंडावर आधी फडकं, वर झाकण. झाकणाला भोक लागतं, व्हिनेगरला श्वास घ्यावा लागतो, नाहीतर मरतं. दुकानात भोकाचं झाकण मिळत नाही. पण एक वस्तू अशी आहे की गोल, काळी, धुता येणारी, आणि भोक अगदी मधोमध, जसं कुणी मापून पाडलंय.

मी ती कधी ठेवली, आठवत नाही. इरिदे म्हणाली, तुझं व्हिनेगर वीस वर्षं पहिल्या नंबराचं आहे. मी म्हटलं, म्हणजे कौतुक कर. ती हसली नाही. मीही नाही.


शुक्रवार, १८ नोव्हेंबर.

भांड्यांच्या साबणाने धुतली. काठाला तपकिरी वर्तुळ होतं, लिंबाने निघालं. वास आहे थोडा. आकार मात्र बशीसारखा झालाय, त्यात सूप वाढता येईल.

प्लॅन. दोन टॉवेल, मध्ये रेकॉर्ड, वर संगमरवरी लादी, लादीवर प्रीमोची ऐरण. रविवारच्या आत ताठ होईल. मी माणसं सरळ केलीत, तबकडी काय चीज आहे.

इरिदे म्हणाली, त्याला खरं सांगून टाक. मी म्हटलं, ऑपरेशनच्या आधी? त्याच्या डोक्यात आधीच एक गाठ आहे.


मंगळवार, २२ नोव्हेंबर.

ऐरण उतरवायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं. तबकडी बरीच सपाट झालीय. मी म्हणते सपाट. इरिदे म्हणते, होडी.

लावली. पिन वरखाली होत गेली, पण गेली. पहिली बाजू पार. दुसरी बाजू. मी उभीच होते. ऑर्गन आला, चढला, चढला, आणि थांबला.

आणि मग लाटणं.

फळीवर एकदा, मग दुसऱ्यांदा. माझाच हात. मी उजवीकडे जास्त दाबते, शेवटी फळीचा पाय टकटकतो. अडतीस वर्षांपूर्वीही टकटकत होता. तिसऱ्यांदा लाटणं निघालं आणि पिनने उडी मारली. थेट पुढे, ऑर्गनवर.

सात वेळा लावली. सातही वेळा तिथेच उडी. पिनच्या दांडीवर बटण चिकटवून पाहिलं, तर उडी लांब झाली. माझा आवाज एकदाही आला नाही.

इरिदे म्हणाली, आता तरी मासा लाव. पण मी रोज ऐकते म्हणून बसलेय. मासा लावला तर त्याला कळेल की आईने कधी ऐकलंच नाही.


बुधवार, २३ नोव्हेंबर.

नवा प्लॅन. इतका चांगला की आधीच्या अडचणी याच्यासाठीच आल्या असाव्यात.

लिव्हियोला एकच कान, तोही अर्धा. त्याला बैठकीत बसवायचं, स्वयंपाकघराकडे पाठ करून. दार किलकिलं. मी सूप बघायला म्हणून आत. ऑर्गन थांबला की इरिदे खोकेल. मी लाटणं फिरवायचं आणि म्हणायचं ते म्हणायचं. पिन उडी मारू दे नाहीतर नाचू दे. फळी तीच, लाटणं तेच, बाईही तीच. नक्कल कशी म्हणता येईल?

इरिदे म्हणाली, मला खोकला येत नाही. म्हटलं, चार दिवस आहेत.


शनिवार, २६ नोव्हेंबर.

तालीम झाली. सहा वेळा. इरिदे म्हणते, तेव्हा तू एकेचाळीस वर्षांची होतीस, आता तुझा आवाज खरवडलेल्या कढईसारखा येतो. मध घेतला. आता तिच्या मते पन्नाशीची वाटते. पन्नास आणि एकेचाळीसमध्ये एका कानाला काय फरक कळणार?

झोप लागेल असं वाटत नाही. हातात काहीतरी हवं म्हणून उद्याची कणीक आजच मळली.


रविवार, २७ नोव्हेंबर. संध्याकाळी.

ब्रुना त्याला दारात सोडून गेली. वाळलाय. मी म्हटलं, पांढरी. त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

कव्हर हातात घेतलं, पीठ झटकलं, नाकाशी नेलं. म्हणाला, व्हिनेगरचा वास येतोय, आई. म्हटलं, कपाट त्यानेच पुसते, कीड लागत नाही.

पहिली बाजू ऐकताना उजवा कान पुढे करून वाकून बसला होता. बोटं गुडघ्यावर चालत होती, काही सुटलं नव्हतं त्याचं. बाजू बदलली. मी म्हटलं, सूप बघते.

दाराआड उभी राहिले. लाटणं हातात. ऑर्गन चढत गेला. मला पहिल्यांदाच वाटलं, हे बरं आहे. मग थांबला. इरिदे खोकली, फार जोरात. मी लाटणं फिरवलं. एक, दोन, तीन. आणि म्हटलं, लिव्हियो, बंद कर ते, जेवण गार होतंय.

खणखणीत. एकेचाळीस वर्षांची.

ऑर्गन तोवर परत सुरू झाला होता, संपेपर्यंत मी आतच होते. मग हात पुसत बाहेर आले, कशी झाली म्हणून. तो वळून दाराकडे बघत बसला होता.

म्हणाला, आई, त्यात तू ओरडत नाहीस.

म्हटलं, मग काय करते?

म्हणाला, गुणगुणतेस. लाटता लाटता, माझीच चाल. दुपारभर मी तीच वाजवत होतो, ती तुझ्या तोंडात बसली होती आणि तुला पत्ताही नव्हता. मध्येच एक सूर तू बदलतेस, तो माझ्यापेक्षा चांगला आहे. पुढची अर्धी बाजू मी त्या सुरावर बांधली. तेवढं एकदा ऐकायचं होतं.

इरिदे जमिनीकडे बघत होती.

मी म्हटलं, परत लावते, आता येईल बघ. तो म्हणाला, नको, खोली फिरायला लागलीय. म्हटलं, मग तू म्हणून दाखव, कशी होती चाल? त्याने सुरू केली. दोन-तीन सूर बरे गेले, मग घसरली. त्याला स्वतःलाही कळलं, थांबला. मी म्हटलं, हो, हीच ती. मला काहीही ओळखीचं वाटलं नव्हतं. इरिदे, हे लिहू नकोस. लिहिलंस? असू दे.

मग तो हसायला लागला. म्हणाला, अडतीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो, माझी आई माझं गाणं गुणगुणते. आणि तू स्वतः येऊन मला खोटं पाडलंस.

दोन ताटं जेवला. निघताना गालावर थोपटलं आणि विचारलं, रोज ऐकत होतीस ना? मी म्हटलं, जवळजवळ.


सोमवार, २८ नोव्हेंबर.

कान राहणार आहे. मला आतून खात्री आहे. डॉक्टर लोक स्वतःचा बचाव म्हणून वाईट सांगून ठेवतात.

प्लॅन. बोलोन्यात कुणीतरी तबकड्या दुरुस्त करत असेलच. ती दुरुस्त करून नाताळात चारही रेकॉर्डी लिव्हियोबरोबर बसून ऐकायच्या. न झोपता. जिनासुद्धा. चाल आठवायची. दिवसभर लाटत होते, नुसतीच, फळीवर काही न ठेवता. तोंडात जी येते ती लग्नाच्या बँडची पोल्का आहे.


बुधवार, ३० नोव्हेंबर.

ब्रुनाचा फोन आला. गाठ निघाली. लिव्हियो शुद्धीवर आहे, भूक लागली म्हणतो. कान गेला.

नाताळचा प्लॅन रद्द.

ब्रुनाने त्याला वही घेऊन दिलीय. ज्याला जे सांगायचं ते त्यात लिहायचं, तो वाचतो आणि तोंडाने उत्तर देतो. डॉक्टर लिहितात, नर्स लिहिते. ब्रुनाने विचारलं, सासूबाई, तुमचं काय लिहू? म्हटलं, काही नको. शनिवारी मी येतेच आहे, माझं मी सांगेन.

फोन ठेवला. इरिदेने पेन माझ्यापुढे धरलं. मग माझ्या लक्षात आलं, त्याला ऐकू येणार नाही आणि मला लिहिता येत नाही.

ती म्हणाली, तू बोल, मी लिहून देते, चिठ्ठी त्याच्या हातात पडेल. मी सकाळपासून विचार करतेय. सांगण्यासारखं एकच होतं आणि ते गुणगुणायचं होतं. ते लिहिता येतं का, असं इरिदेला विचारलं. ती म्हणाली, येतं, पण मला येत नाही.

तेव्हा चिठ्ठी नको. उद्या साउरो गाडी घेऊन बोलोन्याला चाललाय, त्याच्याबरोबर डबा पाठवायचा. कापेल्लेत्ती चार डझन, कच्च्याच, वर पीठ भुरभुरवून. ब्रुना बहिणीकडे उतरलीय, तिथे उकळेल. कोंबडीचं सूप बाटलीत, वरची चरबी काढून. चीज किसून वेगळ्या कागदात. सारणात जायफळ नको, त्याला चालत नाही. नाही, थांब. चालत नव्हतं ते प्रीमोला. लिव्हियोला आवडतं. घालायचं.